हिरेकोटचे तीन बुरूज

१

विणकर अमरेशनं सकाळी कारखान्याचं शटर वर केलं तेव्हा सिद्धलिंगप्पा मागाच्या पायाशी कुशीवर पडलेले होते आणि त्यांच्या खांद्याभोवती काळं घोंगडं होतं. म्हातारा काल घरी गेलाच नाही, इथंच आडवा झाला, असं समजून त्यानं आधी कोपऱ्यावर चहा सांगितला. चहा आला आणि निवला. मग "अप्पा, उठा की" म्हणत त्यानं खांद्याला हात लावला, आणि तो हात पुढं कितीतरी वेळ त्याला स्वतःचा वाटेना.

भवानी पेठेतल्या त्या बोळात पोलिसांची गाडी शिरेना, म्हणून सहायक निरीक्षक राजनंदिनी चालतच आली. मागं हवालदार तिप्पण्णा. एरवी त्याच्या तोंडाला विश्रांती नसे, पण दारात आल्यावर त्यानं टोपी काढली आणि तो गप्प झाला. अप्पांनी काढलेल्या नक्षीच्या चादरीत तो लहानाचा मोठा झाला होता.

घाव डोक्यावर, मागून, एकच. डॉक्टर म्हणाले, काल दिवेलागणीनंतर केव्हातरी.

"काय गेलंय इथून?" राजनंदिनीनं विचारलं.

"दगड," अमरेश म्हणाला. "अप्पा कागदावर वजन ठेवायचे तो. अर्धं कमळ कोरलेलं होतं त्याच्यावर, हिरेकोटच्या तटाचं. आणि हे बघा."

त्यानं मागाकडं बोट केलं. हा माग भिंतीवर लावायची मोठी चित्रकापडं विणायचा. उभे धागे ताणून बसवलेले, आणि त्यांच्या खाली, विणकराला दिसावं असं, आडवं लांबलचक चित्र बांधलेलं. नुसत्या काळ्या रेघांचं. भीमेच्या काठावरचं हिरेकोट, आज जिथं बाभळी आणि पडके चिरे आहेत, ते शेकडो वर्षांपूर्वी नांदतं असताना कसं दिसत असेल, ते अप्पांनी दगड दगड मोजून कागदावर पुन्हा उभं केलं होतं. नदीच्या होडीतून पाहावं तसं. मधोमध वेस, दोन्ही अंगांना तट आणि बुरूज, आत देवळाची शिखरं, बाजार, हौद, छपरांवर वाळत घातलेली लुगडी. वेशीवर भालेकरी. वेशीपुढच्या घाटावर धुणारणी, आणि पायरीवर एक म्हातारा, उजव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग धरून डोळे मिटून बसलेला. राजनंदिनी बघत राहिली. इतकी माणसं, आणि एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

वेशीच्या डाव्या हाताला मात्र भोक होतं. धाग्यांच्या खालून पातं घालून कुणीतरी तटाचा मोठा तुकडा कापून नेला होता. आख्खा कागद काढायचा तर सगळे धागे तोडावे लागले असते.

"कुठला भाग हा?"

"खालच्या अंगाचा तट," अमरेशनं लगेच सांगितलं. "नदी जाते तिकडचा. वेशीपासून तीन बुरूज. त्याच्या पलीकडं तो कागदाच्या काठाला धनगरांचा वाडा दिसतोय बघा, मेंढरांचा, तिथं आज बिरप्पा राहतो."

तिप्पण्णा खाली वाकला होता. त्यानं घोंगड्याची दशी उचलून दाखवली. दशांना लाल लोकरीची गाठ होती.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "हे घोंगडं बिरप्पाचंच की."

२

बिरप्पा पळाला नव्हता. हिरेकोटच्या टेकाडावर मेंढरांत उभा होता, आणि पोलीस बघून त्यानं कुत्र्याला आधी गप्प केलं.

ठाण्यात तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला, खुर्ची दिली तरी. राजनंदिनीनं डोळे मिटून त्याचं ऐकलं. ही तिची जुनी खोड. वैरागला तिची आई देवळातल्या कीर्तनात टाळ धरायची आणि लेकीला सांगायची, बुवाच्या अंगरख्याकडं बघू नकोस, डोळं मीट, सूर कुठं हलतोय ते आपोआप कळंल.

"भांडलास त्यांच्याशी? शेजारणीनं ऐकलंय."

"व्हय, भांडलो," बिरप्पा म्हणाला. "त्यानं आमचा वाडा तटाच्या भाईर काढला. म्या म्हनलं, अप्पा, आमी काय भाईरचं हाय व्हय? समदं गाव आत आनि धनगर तेवढा उघड्यावर?"

"मग?"

"मग हसला. म्हनला, बिरप्पा, सकाळच्याला वेस उघडली की नगराला आदी कोन दिसायचं? तू. रातच्याला वाघरू आलं तर आदी कुत्रं कुनाचं भुकायचं? तुजं. तटाच्या भाईर तू हाईस म्हनून आतली निजत्यात. लई गोड बोलायचा. म्या काय रागं भरनार."

"घोंगडं?"

"अंगात ताप हुता त्याच्या. दात वाजत हुतं. बायकू बी अक्कलकोटला गेली म्हनला, लेकीकडं. म्या घोंगडं घातलं अंगावर. मठातल्या भोंग्यावर कीर्तनाचं टाळ सुरू झालं, तवा निघालो. जित्ता हुता ओ बाई तवा."

सूर हलला नाही. पण सूर न हलण्यावर कोर्ट चालत नाही. भांडण ऐकलेली बाई होती, घोंगडं होतं, आणि कापून नेलेला तुकडा त्याच्याच टेकाडाचा होता. वरिष्ठांचा फोन आला, की चांगलं काम केलंत, आता कागद पक्के करा. राजनंदिनीनं स्वतःच्या हातानं अटकेवर सही केली.

बाहेर पायरीवर बिरप्पाची बायको मायाक्का बसली होती. तिला चहा दिला तर तिनं पेला शेजारी ठेवला.

"मेंढरं तळावर उबी हायेत," ती म्हणाली. "त्याच्या हाळीबिगर हलत न्हाईत. चार रोज उबी ऱ्हातील, मग पडाय लागतील. तुमाला काय करायचं ते करा, पर लवकर करा. त्यो सुटनार नसंल तर तसं सांगा, म्हंजी मी कळप इकून टाकते."

तिनं हे रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आत आल्यावर राजनंदिनीनं घोंगडं पुन्हा उलगडलं. रक्त वरच्या बाजूला होतं. खांद्यावरून बाहेरच्या अंगानं खाली ओघळून वाळलेलं. म्हणजे मेल्यावर पांघरूण घातलेलं नव्हतं. घाव बसला तेव्हा ते अप्पांच्या अंगावर होतं.

आधी आपलं घोंगडं माणसाच्या अंगावर घालायचं आणि मग त्याचं डोकं फोडायचं, असं कोण करतं?

३

हिरेकोट जीर्णोद्धार मंडळाचं कार्यालय मठाला लागूनच होतं. मंडळाचे सचिव मल्लिनाथअण्णा. चिंचोळीला सुताचा कारखाना, नदीकाठी हिरेकोटला नवं भक्तनिवास बांधत आणलेलं, आणि मठातल्या कीर्तन-सप्ताहाचे यजमान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मऊ. अप्पांचं चित्रकापडही मंडळच विणून घेत होतं; मोठ्या सभागृहात ते लागायचं होतं आणि पुरातत्त्व खात्याचे साहेब पडदा सारायला येणार होते.

"चित्र म्हणजे हेच का?" राजनंदिनीनं भिंतीकडं बघत विचारलं.

"हे छोटं, आधीचं. अप्पांनी नमुन्याला रंगवून दिलेलं, आज उभा आहे तेवढाच तट धरून."

तेच नगर, तीच वेस, तोच घाट. घाटावर तोच लिंगपूजा करणारा म्हातारा. पण इथं वेशीच्या एकाच बाजूला तट होता, उजव्या. त्या तटाच्या टोकाला, चौकटीला चिकटून, धनगरांचा वाडा. डावीकडं, नदी येते त्या अंगाला, नुसती झाडी आणि ढासळलेली दरड.

"इकडं तट नाही?"

"वरच्या अंगाला? तिथं कधीच नव्हता. असला तरी नदीनं केव्हाच नेला," मल्लिनाथ म्हणाला. "अप्पांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, मी पोरवयात त्या बुरुजांवर बसून आंबे खाल्लेत. आता म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी, त्यांना काय बोलायचं? मोठ्या कापडात तिकडंही तट काढतो म्हणून हट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, अप्पा, तुमची मर्जी."

"भेट शेवटची कधी?"

"महिना झाला असेल. कारखान्यात मी जातच नाही, सुताच्या धुळीनं खोकला येतो." त्यानं डोळ्याच्या कडा टिपल्या. "परवा कीर्तनात बसलो होतो आणि इथं, दोन गल्ल्या सोडून, हे चाललं होतं. तुम्हीही होता की कीर्तनाला. पुढच्या रांगेत मी, बायकांच्या अंगाला तुम्ही. बुवा दानधर्मावर काय सुरेख बोलले."

होती खरी. वर्दी उतरवून, डोक्यावर पदर घेऊन ती अख्खं कीर्तन बसली होती, आणि तिनं या माणसाला पुढच्या रांगेत टाळ्या वाजवताना पाहिलं होतं. पोलिसानं साक्ष शोधायची असते. इथं साक्ष तीच होती.

"मागाखालच्या चित्राचा एक तुकडा कापून नेलाय कुणीतरी," ती उठता उठता म्हणाली.

"हो, कानावर आलं. वरच्या अंगाचा ना? जाऊ द्या. नव्हताच तिथं तट. तेवढी जागा सोडून विणू म्हणावं."

"वरचा न्हाई की अण्णा," तिप्पण्णा मध्येच बोलला. "खालचा. बिरप्पाच्या वाड्याकडचा."

मल्लिनाथनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पेला भरला, तरी हात थांबायला जरा वेळ लागला. टेबलावर पाणी सांडलं.

"खालचा," तो म्हणाला. "हां. तेच म्हणतो मी. दुःखात जिभेचं काही खरं नसतं बघा."

४

अप्पांचं शरीर मिळाल्यावर दुपारी त्यांना लिंगायतांच्या रुद्रभूमीत पुरायला नेलं. अप्पांची बायको शिवबाई अक्कलकोटहून आली होती. ती कुणाच्या आधाराला टेकली नाही. भजनाची माणसं पुढं झांजा वाजवत होती. आवाज उन्हात कोरडा पडत होता. राजनंदिनी मागं उभी राहिली. अशा वेळी पोलीस येतात ते बघायला, कोण कसं रडतंय ते. ती आली होती ते माफी मागायला, पण कुणाची, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

खड्ड्याच्या आत भिंतीत देवळीसारखी जागा कोरलेली होती. अप्पांना मांडी घालून तिथं बसवलं. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, घाव दिसू नये म्हणून. भस्म लावलं, बेल वाहिला. मल्लिनाथअण्णाही पुढं झाला, मूठभर भस्म घेतलं, हात जोडले. मग स्वामी खाली उतरले. त्यांनी अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडलं, अप्पांचा डावा हात उचलून मांडीवर ठेवला, बोटं उलगडली, आणि लिंग त्या तळहातावर ठेवून बोटं पुन्हा मिटवली.

राजनंदिनीच्या कानातल्या झांजा थांबल्या.

"तिप्पण्णा," ती कुजबुजली, "डावा का?"

"मग काय उजवा?" तिप्पण्णाचे डोळे भरलेले होते. "लिंग डाव्या हातावर, पूजा उजव्या हातानं. उजव्यावर लिंग घेतलं तर भस्म-बेल कशानं वाहणार? जन्मल्यापासून तसंच असतंय. आईच्या मांडीवर बघतो आमी ते."

माती पडू लागली. शिवबाई खड्ड्याकडं बघत उभी होती. राजनंदिनी तिच्याजवळ गेली.

"मावशी, ही वेळ नव्हे. पण अप्पा चित्रात चुकायचे का कधी?"

शिवबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं मेलेल्याची निंदा केली.

"एका देवळाचं शिखर एक थर जास्त निघालं तर आठ दिवस जेवले नव्हते नीट."

"घाटावरच्या म्हाताऱ्याचं लिंग उजव्या हातावर काढलंय त्यांनी."

"शक्य न्हाई," शिवबाई म्हणाली. "बाई, तो म्हातारा म्हणजे आमचे मामंजी. माझे सासरे. आरसा समोर ठेवून, स्वतः पूजेला बसल्यासारखं बसून काढलेत त्यांनी ते. उजव्या हातावर? त्यापेक्षा हात तोडून घेतला असता."

राजनंदिनी वळली ती जवळजवळ पळतच. माती लोटणाऱ्या माणसांच्या गर्दीतून मल्लिनाथअण्णा तिच्याकडं बघत होता.

५

"उजव्याच हातावर आहे," अमरेश म्हणाला. "असणारच की मॅडम."

ती मागावर वाकली होती. भालेकऱ्यांचे भालेसुद्धा सगळे डाव्या हातात. धुणारणीही डाव्या हातानं धोपटत होत्या. इतक्या माणसांचं नगर, आणि एकजात डावखुरं.

"असणारच म्हणजे?"

"विणताना कापडाची पालथी बाजू आमच्याकडं असते. कागद सरळ लावला तर पुढून कापड उलटं दिसेल. म्हणून मागाखालचं चित्र उलटंच काढायचं, आरशातल्यासारखं. अप्पांनी सगळं नगर उलटं काढलं. कापड उतरलं की सुलटं."

"हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

अमरेश गोंधळला. "तुम्ही विचारलं, कुठला भाग गेला. मी सांगितलं, खालचा. आमच्या डोळ्यांना ते उलटं दिसतच नाही हो. लहानपणापासून पालथंच बघतोय."

राजनंदिनी विणकराच्या फळीवर बसली. तिप्पण्णा समोर उभा राहिला. त्याला ठाऊक होतं, आता त्यानं बोलायचं नाही.

"ऐक. खालच्या अंगाचा तट आज हिरेकोटला उभा आहे की नाही?"

"हाय की. त्याच्याच सावलीला बिरप्पाची मेंढरं बसतात."

"उभा आहे, सगळ्यांना दिसतो, कार्यालयातल्या चित्रातही आहे. मग तो कागदावरनं काढून कुणाला काय मिळणार? बिरप्पाला राग आला असता तर तो वाड्याचा. वाडा इथं जसाच्या तसा आहे, या काठाला. त्याला धक्का नाही. कापणाऱ्याला वाडा नको होता, त्याला तट नको होता. वेशीच्या डावीकडचा."

"डावीकडचा म्हंजे..." तिप्पण्णा बोललाच.

"कार्यालयातल्या चित्रात डावी बाजू कुठली? वरची. ज्यानं नगराचं चित्र फक्त तिथल्या भिंतीवर पाहिलंय, त्याच्या मनात डावी बाजू म्हणजे वरचं अंग. तो इथं आला, घाईत, हातात पातं. दोन्हीकडं तट, दोन्हीकडं बुरूज, सारखेच. त्यानं डावीकडचे तीन बुरूज कापले आणि वाटलं, की वरच्या अंगाचा तट गेला. हा कागद उलटा असतो हे त्याला माहीतच नव्हतं. अमरेश, कुठला भाग गेला ते तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. आणि शिवबाईकाकूंना. खालचा म्हणूनच सांगितलं."

"म्हणजे ज्यानं ऐकलं त्यानं खालचा ऐकलं. ज्याला माहीत नाही त्याला माहीत नाही. वरचा तट गेला, असं या जगात एकाच माणसाला वाटू शकतं."

तिप्पण्णाच्या हातातली टोपी खाली पडली. ती त्यानं उचलली नाही.

"अय्यो शिवा. पाणी सांडलं त्यानं," तो म्हणाला. "मी दुरुस्त केलं, तवा." मग त्याचा चेहरा पडला. "पण मॅडम, तो कीर्तनात होता. तुमीच बघितलाव."

राजनंदिनीनं डोळे मिटले. कीर्तन तिनं पहिल्यापासून मनात लावून पाहिलं. नमन. पूर्वरंग. पुढच्या रांगेत मल्लिनाथ, टाळ्या वाजवणारा. मग मध्यंतर. पेटीवर नुसतं भजन चाललेलं, बुवा घाम पुसत उभे. अशा वेळी यजमानानं उठायचं असतं, बुवांना भस्म लावून हार घालायचा असतो, मग आख्यान सुरू होतं. त्या दिवशी भजन लांबलं. पुन्हा पुन्हा तीच ओळ. बुवांनी एकदा दाराकडं पाहिलं होतं. आणि शेवटी काठी टेकत पुढं आल्या त्या...

"हार नागव्वांनी घातला," ती म्हणाली. "त्याच्या आईनं. यजमान जागेवर नव्हता. मला आख्यान ऐकायची घाई झाली होती, तिप्पण्णा. मी बघितलं आणि सोडून दिलं. आरतीला तो पुन्हा पुढं होता."

६

मल्लिनाथच्या घरात धूप जळत होता. नागव्वा सोप्यावर वाती वळत बसल्या होत्या. राजनंदिनीनं त्यांच्या पाया पडून विचारलं, आणि त्या सहज बोलून गेल्या.

"हा उठून गेला होता की मधीच. कारखान्याचा फोन आला म्हणाला. बुवा ताटकळले, मला लाज वाटली. म्हटलं, मीच घालते हार. का गं बाळ?"

देवघराच्या दारात मल्लिनाथ उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं. "अव्वा, आत जा. चहा टाकायला सांग."

"चहा नको," राजनंदिनी म्हणाली. नागव्वा मात्र उठून गेल्या. म्हातारपणातही त्यांना मुलाच्या आवाजाचा अर्थ कळत होता.

राजनंदिनीनं पिशवीतून कागद काढला. घाटाच्या पायरीवरचा म्हातारा, अमरेशनं मागाखालच्या चित्रावरून छापून दिलेला.

"अण्णा, रोज पूजा करता?"

"रोज."

"लिंग कुठल्या हातावर?"

मल्लिनाथचा डावा हात आपोआप वर आला, तळवा उघडा. मग त्याची नजर कागदावर गेली आणि तो हात तसाच हवेत राहिला.

"तुमच्या पात्यापासून वीतभर अंतरावर हा बसला होता," ती म्हणाली. "मी वैरागची, आमच्या घरी ही पूजा नाही, मला कळलं नाही. तुमच्या घरात ही पूजा रोज होते. एकदा जरी त्याच्या हाताकडं बघितलं असतंत तर कळलं असतं, की सगळं नगर उलटं आहे. तुम्ही त्या चित्रात फक्त तट बघितला."

तो भिंतीला धरून खाली बसला. तिप्पण्णा दारात उभा होता, मान खाली घालून, जणू त्यालाच पकडलं होतं.

"बुरूज होते," मल्लिनाथ म्हणाला. "वरच्या अंगाला. तीन. मीच पाडले. भक्तनिवासाच्या पायाला दगड हवा होता, आणि तिथं नुसतीच झाडी माजलेली, सापकिरडू. कोण बघतंय असं वाटलं. कमळं कोरलेले चिरे होते, ते पालथे घातले पायऱ्यांना. देवाच्याच कामाला लावतोय म्हटलं. अप्पा मला म्हणाले, मल्लू, मी एकेक कमळ काढलंय कागदावर. साहेब आले की त्यांना हाताला धरून तुझ्या पायऱ्यांवर नेणार. मला अजूनही मल्लू म्हणत होते."

"आणि?"

"मी पाया पडायला गेलो होतो. खरंच. मध्यंतर होईपर्यंत परत येईन म्हटलं. ते मागाकडं तोंड करून बसलेले, अंगावर ते घोंगडं. वळलेही नाहीत. म्हणाले, ज्या तटानं नगर राखलं तो तू खाल्लास, आता निदान त्याचं चित्र तरी राहू दे. दगड माझ्या हाताशीच होता." त्यानं तोंडावरून हात फिरवला. भस्माचे पट्टे पुसले गेले. "आवाजसुद्धा केला नाही त्यांनी. भोंग्यावर भजन चाललं होतं."

"दगड कुठाय?"

"पायरीत. दुसऱ्या दिवशी गवंड्याला दिला. शेवटची पायरी राहिली होती."

तिप्पण्णानं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं, जे राजनंदिनीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"आणि तुकडा?"

मल्लिनाथ उठला. देवघरात गेला, पाटाखाली हात घातला आणि कागदाची घडी काढून तिच्या हातात दिली.

"तुम्ही कार्यालयातून गेलात, तेव्हा पहिल्यांदा उघडून बघितला. बघतो तर बुरुजाच्या कोनाड्यात नंदी. खालच्या अंगाचा नंदी, लहानपणी आम्ही त्याला तेल घालायचो. तेव्हा कळलं, की मी काय कापलंय. जाळणार होतो. काडी ओढली पण... त्यावर नंदी होता. नंदी कसा जाळायचा?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला. नागव्वा चहा घेऊन आल्या नाहीत.

७

हिरेकोटची ती पायरी उखडली तेव्हा कमळ पालथंच होतं, चुन्यात रुतलेलं, आणि पाकळ्यांच्या खाचेत जे काळपट वाळलं होतं ते तपासायला पाठवलं. राजनंदिनीनं त्या दिवशी मठातल्या कीर्तनाचा भोंगा ऐकला आणि ती गेली नाही. डोळे मिटून ऐकावं, हे आईनं शिकवलं होतं. कधी उघडावेत, हे राहून गेलं होतं.

बिरप्पा सुटला तेव्हा मायाक्का ठाण्याच्या त्याच पायरीवर होती. ती उठली, त्याच्याकडं आपादमस्तक बघितलं, आणि म्हणाली, "चला. आठ पडली."

"कुटली?"

"म्हातारी तीन. बाकी कोकरं."

बिरप्पानं मान हलवली. मग तो राजनंदिनीसमोर आला. तिनं काही बोलायच्या आधी त्यानं दोन्ही हात जोडले, आणि ते तिला अटकेच्या सहीपेक्षा जड गेलं.

"घोंगडं देता येणार नाही अजून," ती म्हणाली. "पुरावा म्हणून कोर्टात राहील. खटला संपला की मी स्वतः आणून देईन."

"ऱ्हाऊ द्या," बिरप्पा म्हणाला. "त्याला थंडी वाजत हुती म्हनून दिलं हुतं. दिल्यालं मागत न्हाईत."

तो दोन पावलं गेला आणि थांबला.

"बाई, ते चित्तर आता इनत्यात का?"

"अमरेश विणतोय. तुकडा जोडलाय त्यानं. दोन्हीकडचा तट राहणार."

"आमचा वाडा?"

"आहे. तटाच्या बाहेर."

"असू द्या तितंच," बिरप्पा म्हणाला, आणि मायाक्काच्या मागं मागं, उरलेली मेंढरं अंधार पडायच्या आत हलवायला, चालू लागला.